गुळाचा डबा आणि मालवणचं तिकीट

१२ मे १९९८, मालवण

पोचलो एकदाचे. कोल्हापूरहून सहाची गाडी. आत चढण्याआधी आप्पा गाडीभोवती एक फेरी मारून आले, चाकांना लाथ घालून हवा बघितली. ड्रायव्हर म्हणाला, "पावणं, इकत घ्याची हाय काय गाडी?" आप्पांनी सांगितलं, तीस वर्षं यष्टीच हाकलीया. मग काय, केबिनमागची पहिली सीट मिळाली. फोंडा घाटात दर वळणाला आप्पांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पाय अजून ड्युटीवर आहे.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. आप्पा भिंतीकडं बघत बसतात, म्हणून ही सहल. मालवण त्यांनीच निवडलं. मला वाटलेलं, समुद्र यांनी शंभरदा पाहिला असेल. तर म्हणे, अलीकडच्या हेदवण्याला चार वर्षं मुक्कामी गाडी आणली, पण समुद्र पाहिला नाही. "अंधार पडताना पोचायचं, तांबडं फुटायच्या आत निघायचं. गाज ऐकू यायची की. बघाय कवा जाणार?"

मुलांना भरती-ओहोटी शिकवण्यात माझी पंधरा वर्षं गेली. मी तरी कितीदा पाहिला? दोनदा.

१३ मे

किनाऱ्यावर सबंध सकाळ. आप्पा पाण्यात आलेच नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन वाळूत बसून. "सामान कोण बघणार?" सामान म्हणजे दोन टॉवेल आणि एक पितळी डबा. डब्यात गूळ. कोल्हापूरचा गूळ मालवणला आणायचा आणि मांडीवर घेऊन बसायचं, हा कुठला उद्योग?

झाकणावर नाव कोरलंय. सत्यभामा गावडे, हेदवणे. विचारलं तेव्हा म्हणाले, "मुक्कामाला त्या मावशीकडं जेवायचो. डबा ऱ्हायलाय माझ्याकडं." म्हणजे गूळ त्यासाठी. आईचा नियमच होता, शेजारची वाटीसुद्धा रिकामी परत धाडायची नाही, काही नसेल तर चार दाणे साखर तरी. पण मग काल गाव वाटेतच लागलं, तेव्हा का नाही उतरलो?

आप्पांनी डबा पिशवीत सरकवला. मी सोलकढीचा दुसरा ग्लास मागवला.

१४ मे, घरी

परत येताना नीट लक्ष ठेवलं. हेदवण्याचा थांबा म्हणजे एक फणस, एक टपरी. गाडी मिनिटभर उभी. मी म्हटलं, उतरू या. आप्पा समोरच्या काचेतून सरळ बघत राहिले. घंटी वाजली, गाडी सुटली.

गूळ उन्हानं पाघळला होता. चहात संपवतोय.

२९ डिसेंबर १९९९, वेंगुर्ला

नाताळची सुट्टी. आजरा-आंबोलीवरून सरळ यायचं तर आप्पांचा हट्ट, मालवणवरून जायचं. म्हणजे वळसा घालून, दोन गाड्या बदलून. भूगोल मी शिकवते आणि रस्ते हे ठरवतात. हेदवणे आलं, फणस आला, फणस गेला. डबा पिशवीत. गूळ नवा.

वेंगुर्ल्याचा धक्का छान. संध्याकाळी मासळी उतरताना बघत उभे राहिलो. आप्पांना एका म्हाताऱ्यानं विचारलं, खंयचे तुम्ही? नुसतं गावाचं नाव विचारलं होतं. आप्पा इतके दचकले की मीच उत्तर दिलं, कोल्हापूरचे.

३ मार्च २००१

एक गोष्ट बरेच दिवस लिहायची राहतेय. आप्पा रोज सकाळी अंघोळ करून फोटोसमोर हात जोडून पंचशील म्हणतात. लहानपणापासून ऐकतेय, स्टेअरिंगवर बसणाऱ्याचा आवाज, मोकळा. पण चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की आवाज खाली जातो. ओठ हलतात, ऐकू काही येत नाही. पाचवं पुन्हा खणखणीत.

आधी वाटलं दम लागतो. दम बरोबर चौथ्यालाच कसा लागेल?

७ मे २००२

माझा भाऊ मिलिंद पुण्याहून आला. नवी गाडी, पांढरी, सीटवरचं प्लास्टिक काढायला तयार नाही. म्हणतो, "ताई, बास झालं ते यष्टीचं. उद्या तिघं जाऊ मालवणला. ती डब्याची मावशी कुठं राहते तिच्या दारात गाडी उभी करतो."

आप्पा नको म्हणाले. का? नको. मिलिंदला लागलं. स्वतःच्या कष्टाची गाडी, बापाला बसवायची हौस. तो चिडून जेवायलाही थांबला नाही, मित्राकडं गेला.

तो गेल्यावर मीही चिडले. मुलाचं मन मोडलं म्हटलं. तेव्हा आप्पा म्हणाले, "नंदे, मोटारीनं गेलो तर दारात उतराय लागतंय. यष्टीत बसून म्होरं जाता येतंय."

मग सगळं सांगितलं. दुपारभर. आहे तसं लिहून ठेवते.

पहिल्या मुक्कामाला हेदवण्यात गावडेमावशीनं विचारलं, ड्रायव्हर कुणापैकी? यांनी तोंड उघडायच्या आत सोबतचा कंडक्टर बोलून गेला, "तुमच्यातलेच हाईत, मावशी." त्याला ठाऊक होतं आपण बौद्ध आहोत ते. भूक लागली होती, भांडण नको होतं, म्हणून बोलला. आणि आप्पा गप्प बसले. त्या दिवशी, मग दुसऱ्या मुक्कामाला, मग चार वर्षं. मावशीच्या स्वयंपाकघरात, चुलीजवळ पाट. पहाटे वाटेसाठी डबा.

मी विचारलं, इतकी भूक होती?

"भुकंचं न्हाय. मी जेवताना ती म्होरं बसायची. आणि घे, आणि घे म्हणायची. माझी आई मी सहा वर्साचा असताना गेली. तसं कोण बसलंच नव्हतं म्होरं."

चौथ्या वर्षी भाद्रपदात मावशीच्या वारलेल्या मालकाचा म्हाळ होता. पाऊस इतका की जेवायला बोलावलेला पाहुणा पोचला नाही. पितरांच्या नावानं जेवणारा आपल्यातला माणूस पाहिजे. मावशीनं आप्पांना बसवलं. जेवण झाल्यावर वाकून त्यांच्या पाया पडली, मालक समजून.

"ती पाया पडली नंदे, आन् मी गप."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी अर्ज करून रूट बदलून घेतला. शेवटच्या पहाटेचा डबा केबिनमध्ये राहिला, तो हा.

९ मे

दोन दिवस धड बोलले नाही. मला राग आलाय. मावशीचा, कंडक्टरचा, आणि सगळ्यात जास्त आप्पांचा. चोरी केली काय आपण? जेवणाआधी जात विचारणाऱ्यानं लाजायचं की जेवणाऱ्यानं? पाया पडली तर माणसाच्याच पडली ना? आज सगळं तोंडावर बोलले. असं पंचवीस वर्षं डोक्यावर ओझं घेऊन फिरायचं, मग आपण कुठला धम्म घेतला?

आप्पा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "माफी मागाय न्हाय जायाचं मला. सांगाय जायाचं हाय."

आणि तिनं अपमान केला तर?

"तर केला. पर मग ती मला वळखत तरी असंल."

मी उठले. भांडी घासायला घेतली.

१९ ऑगस्ट

आज वर्गात कोकण किनारा शिकवत होते. मालवण, वेंगुर्ला, देवगड नकाशात भरून घेतलं. मागच्या बाकावरच्या एकीनं विचारलं, बाई, तुम्ही गेलाय? म्हटलं, सगळीकडं, यष्टीनं. मग वाटलं, जिथं जायचंय तिथं मात्र अजून नाही. आणि आता ते गाव फक्त आप्पांचं राहिलं नाही, माझंही झालंय. मलाही भीती वाटते. आमच्या म्हाताऱ्याला कुणी अंगणातून परत धाडलं तर माझ्याच्यानं बघवणार नाही.

२ मे २००३, देवगड

सहा दिवस. आप्पांना मोतीबिंदू, डाव्या डोळ्यानं धूसर दिसतं. पवनचक्क्या बघितल्या, आंबे खाल्ले. मीच मुद्दाम देवगड म्हटलं, हेदवणे वाटेत लागू नये म्हणून. तरी आप्पांनी डबा आणला होता. गूळ भरलेला.

आज किनाऱ्यावर म्हणाले, "मावशी असंल काय रं अजून?" मला "रं" म्हणतात तेव्हा ते दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत असतात.

२७ डिसेंबर २००३, मालवण

क्रमानं लिहिते.

सकाळची गाडी. तिकीट काढताना मी हेदवणे म्हणणार तेवढ्यात आप्पा म्हणाले, "दोन मालवण." म्हणजे यंदाही बसून पुढं जायची सोय ठेवली.

कसाल गेलं. फणस दिसला. एकदम आप्पा उठले आणि दोरी त्यांनीच ओढली. कंडक्टर ओरडला, "ओ पावणं, मालवणचं तिकीट हाय की तुमचं!" आप्पा म्हणाले, "आसू दे. हितं काम हाय." तीस वर्षं दुसऱ्यानं वाजवलेल्या घंटीवर थांबलेला माणूस.

घर सापडलं. पडवीत म्हातारी आमसुलं निवडत होती, पंच्याऐंशीच्या पुढची. सून नारळ खवत होती. आप्पा पायरीच्या खालीच उभे राहिले. "मावशी, वळखलं काय?"

तिनं मान वर केली नाही. आवाजावरूनच. "मुक्कामी गाडयेचो डायवर. उशीर केलंस रे."

वर ये म्हणाली. आप्पा वर गेले नाहीत. उभ्या उभ्याच बोलले, स्टँडवर गाडी पुकारतात तसे, सरळ, मोठ्यानं. "मावशी, मी तुमच्यातला न्हाय. कंडक्टर खोटं बोललाता, मी गप बसलो. मी बौद्ध हाय. पूर्वीचा म्हार. तुमच्या मालकाच्या म्हाळाला मी जेवलो. तुमी माझ्या पाया पडला. एवढं सांगाय आलोय. आन् हा तुमचा डबा."

सुनेचा हात थांबला. मी आप्पांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मला वाटत होतं, आता काही वेडंवाकडं बोलली तर मी बोलणार. वाक्य तयार होतं.

म्हातारीनं हातातलं आमसूल खाली ठेवून विचारलं, "मगे आता कित्याक सांगतस?"

आप्पा म्हणाले, "डबा जड झाला."

ती हळूहळू उठली. डबा घेतला. उघडून गूळ बघितला, झाकण लावलं, आणि आत गेली. परत बाहेर आली नाही.

सुनेनं चहा दिला. काचेच्या ग्लासात. तिनं स्वतःही काचेच्याच ग्लासात घेतला, हे मी बघितलं आणि बघितल्याची लाज वाटली. आम्ही पायरीवर बसून प्यालो. अर्धा तास गेला. आतून भांड्याचा आवाज आला, एवढंच. मालवणच्या गाडीची वेळ झाली तसे उठलो, तर सून मागून धावत आली. हातात डबा. "सासूबायनी दिलो," म्हणाली. "काय म्हणाल्या?" "काय नाय. दी म्हणाली, बस."

हलका होता. रिकामा. गाडीत मला रडू आलं. गूळ ठेवून घेतला आणि डबा रिकामा परत दिला. आपल्याकडं वैऱ्यालाही कुणी रिकामं भांडं देत नाही. आप्पा मात्र खिडकीतून बाहेर बघत होते, पाय पुढच्या पत्र्यावर स्वस्थ. मालवणपर्यंत त्यांनी एकदाही ब्रेक दाबला नाही.

किनाऱ्यावर आप्पा चपला काढून पाण्यात गेले. गुडघ्यापर्यंत. "सामान बघ गं," म्हणाले. मी डबा मांडीवर घेऊन बसले. उगाच झाकण काढलं. आत तळाला, कडेला, गुळाचा एक खडा. बोराएवढा.

आप्पांना हाक मारून दाखवला. पाण्यातनं आले, ओल्या बोटानं चाचपून बघितला, डाव्या डोळ्यानं दिसत नाही म्हणून. म्हणाले, "ठेवलाय."

मी म्हटलं, राहिला असेल चिकटून.

"ठेवलाय," म्हणाले आणि परत पाण्याकडं गेले.

२ जानेवारी २००४, घरी

मिलिंदचा फोन. सगळं सांगितलं. तो म्हणाला, धुऊन टाका तो डबा आणि सोडा विषय. आप्पा म्हणाले, धुवायचा नाही. फडताळात वरच्या खणात ठेवलाय, मुंग्या लागू नयेत म्हणून खाली पाण्याची ताटली.

आज पंचशील म्हणताना चौथं शील स्वयंपाकघरात ऐकू आलं. जरा जास्तच मोठ्यानं.

मग चहा पिताना आप्पांनी विचारलं, हेदवण्याची मुक्कामी गाडी अजून सुटते काय. मी स्टँडवर चौकशी केली होती. सुटते, म्हटलं, दुपारी दोनला. त्यांनी मान हलवली. डबा तिचा आहे, नाव तिचं आहे, म्हणजे परत न्यावाच लागणार, असं त्यांचं म्हणणं. मी रोज एकदा झाकण काढून तो खडा बघते. कडेला आहे. चिकटलेला वाटतो. कधी मुद्दाम ठेवलेला वाटतो.