विहिरीच्या काठावरून मंगळाकडे

आई, तू गेलीस तेव्हा तुझी नात जन्मलीही नव्हती. ती आता हवाई दलात विमान चालवते आणि तिला अंतराळात जायचं आहे. आधी पृथ्वीभोवती, मग चंद्रावर, आणि तिच्या उमेदीत माणूस तिथवर पोचलाच तर मंगळावर. परवा केडगावच्या घरी जेवताना तिने हे सांगितलं. अर्ज करायच्या आधी तिला माझा होकार हवा आहे. आणि माणसाने पृथ्वीबाहेर गेलंच पाहिजे असं गावोगाव भाषणांतून ओरडून सांगणारा मी, "आधी भाकरी खा, गार होतेय" एवढंच म्हणालो.

मला तू आठवलीस. खर्ड्याकडच्या माळावर विहिरीचं काम चाललंय. वडील तळाशी खोदताहेत आणि तू वर तीन दगडांच्या चुलीवर कालवण शिजवते आहेस. मध्येच उठून काठाशी ओणवी होतेस. "आवं, हाय का?" खालून आवाज येतो, "हाय!" मग तू पुन्हा चुलीशी. एका दुपारी ओ आली नाही. सकाळी सुरुंग उडवले होते. धूर खाली साचला असंल, असं कुणीतरी म्हणालं. तू दुसऱ्यांदा हाक मारलीस. तिसरी हाक तर तुझी वाटेचना. एक गडी कमरेला दोर बांधून उतरायला निघाला, तेवढ्यात खालून, "हाय की! तंबाखू हुती तोंडात." सगळे हसले. तू नाही हसलीस. "थुकायला काय जीव जात हुता का तुमचा?" एवढं म्हणालीस आणि दिवसभर त्यांच्याशी बोलली नाहीस.

मंगळावर गेलेल्या माणसाला हाक मारली, तर ती पोचायलाच कित्येक मिनिटं लागतात, कधी वीसहून जास्त. ओ यायला पुन्हा तेवढीच. कितीही पैसा ओता, कितीही हुशार माणसं बसवा, रेडिओवरची हाक प्रकाशाच्या वेगाने जाते आणि त्याहून वेगाने काही धावत नाही. तेवढा वेळ काठावरच्या माणसाने काय करायचं, आई?

काष्टीच्या सभेत एक म्हातारा उठून म्हणाला होता, "मास्तर, आमी हितं टँकरची वाट बघतोय, अन तुमी चंद्रावर पानी हुडकायला निघाले व्हय?" लोक खदखदून हसले. मी पेटलो. म्हणालो, बाबा, तुमचा टँकर अडवणारा तालुक्यात बसलाय, चंद्रावर नाही! टाळ्या पडल्या. ते मी आजही मानतो. शोध थांबवून कुणाची तहान भागल्याचं मी वाचलेलं नाही. आपल्या देशाचं माणूस नेणारं यान तयार होतंय, उद्या चंद्रावर वस्तीही होईल. पण बाकीचंही मी वाचलेलं आहे. वजन हरवलं की हाडं झिजतात. बाहेरचे किरण शरीर पोखरतात. श्वासाची हवा यंत्रावर, आणि यंत्र बिघडलं तर अर्ध्या वाटेवरून परत फिरता येत नाही. वर झेंडा रोवायची घाई झालेली सरकारं आणि तिकिटं विकायला निघालेले धनाढ्य. हे सगळं मी भाषणात एका वाक्यात उरकतो आणि आवाज चढवून विचारतो, धोका पत्करणारी पोरं या मातीत नाहीत का?

आहेत. माझ्याच घरात निघाली.

काल तिचा फोन आला. "बाबा, काय ठरवलंत?" मी म्हणालो, "जा. माणसाचं पाऊल अडता कामा नये." ती म्हणाली, "हे भाषण झालं. आता तुमचं सांगा." जाऊ नकोस, एवढंच ओठांवर होतं. मी तसं म्हटलं असतं, तर ती थांबली असती. म्हणून म्हणता येईना. आणि मनापासून जा म्हणणंही जमेना.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहितो. तिची निवड होऊ नये, असं मला वाटतं. तिला मात्र म्हणालो, आवाज तुटतोय गं, रेंज नाही इथे, आणि फोन ठेवला. रेंज होती.