गेटवरचा काका

पिस्कॅटवे, न्यू जर्सी,
१४ ऑक्टोबर २०२५

सरलाताई,

नमस्कार. तू मला ब्लॉक केलंयस. केलं नसतंस तरी हे सगळं फोनवर लिहायचं धाडस मला झालं नसतं, म्हणून कागद. वाचून झाला की फाडून टाक. बाकी आम्ही ठीक. इला दुसरीत रमलीय. शंतनू घरूनच काम करतो.

सप्टेंबरात तुझ्या दारात येऊन मी राजीवभावोजींना चुगलखोर म्हणाले, त्याचं कारण तुला सांगितलंच नाही. त्या दिवशी इला शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, गेटपाशी काका वॉज आस्किंग, बाबा घरी कधी असतो." तुमच्या कुशला न्यायला भावोजी रोज त्याच गेटवर उभे असतात. माझं डोकंच फिरलं.

काल गाडीतून तिनं बोट दाखवलं. "दॅट काका." रस्त्यापलीकडे करड्या गाडीत काळा चष्मा लावून एक माणूस बसला होता. मी त्याला जन्मात पाहिलेलं नाही. दिसेल त्या पुरुषाला काका म्हणायचं, हे वळण मीच तिला लावलंय ना.

आता खरं सांगते. शंतनू घरून काम करत नाही. मार्चमध्ये जॉब गेला, नोकरी गेल्यावर व्हिसावर मिळतात ते साठ दिवस संपले, आणि आम्ही भारतात परत गेलो नाही.

शाळेचं पत्र आलंय. जजच्या सहीचा कागद असल्याशिवाय ते इमिग्रेशनच्या कुणालाही आत घेणार नाहीत, आणि मूल फक्त फॉर्मवर नाव असलेल्या माणसाच्याच हाती देणार. गेटच्या बाहेरचं काही लिहिलेलं नाही. चार दिवस फॉर्म कोराच होता. शेजारच्या यामिनीचं नाव घालणार होते, पण ती हल्ली फार चौकशा करते. आणि तुझ्यावरही अजून संशय येतो गं. शंतनूचं नाव त्या माणसाला कुणीतरी दिलंच असणार. लाज वाटते, पण येतो.

आज शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी इलालाच विचारलं, आई-बाबा आले नाहीत तर तू कुणाबरोबर जाशील? तिनं क्षणाचाही विचार न करता तुझं नाव सांगितलं. मी शेजारीच उभी होते. नको म्हणू शकले असते, पण म्हणाले नाही.

फॉर्म सोबत आहे, त्यावर तुझी सही लागेल. शुक्रवारी द्यायचाय. नाही म्हणायचं असेल तर मला सांग, इलाला कळू देऊ नकोस.

इलाची आई,
रत्ना