हेरिंग न खाणारे एकशे बत्तीस

३ डिसेंबर, सोमवार
ख्रिसमसच्या जेवणाची यादी आमच्या साहेबाने, आस्गरने, माझ्याकडे सोपवली. विभागप्रमुखाची जागा जानेवारीत रिकामी होते आहे. म्हणजे ही परीक्षाच. डेटाबेसमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे 'काय चालत नाही' असा रकाना आहे. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, एका ओळीची: जिथे 'मासे' नाही, त्या सगळ्यांना हेरिंग मासा. चार मिनिटं लागली. ऑफिसच्या साइटवर 'नमुना क्वेरी' म्हणून चढवली. खाली माझं नाव: प्रेबेन.

४ डिसेंबर
उत्तर आलं: अकरा. एकशे त्रेचाळीस माणसांत हेरिंग खाणारे फक्त अकरा. डेन्मार्क संपला. आस्गरला हे निरीक्षण ऐकवलं. त्याने आकडा दोनदा वाचला. प्रभावित.

५ डिसेंबर, दुपार
शेजारच्या टेबलावरची गुड्रून म्हणाली, अरे बाबा, बहुतेकांनी तो रकाना कोराच सोडलाय. कोरा म्हणजे मशीनला 'माहीत नाही', आणि माहीत नसलेल्यांना ते सरळ गाळतं. मी म्हणालो, कोऱ्यात मासे कुठे असतात? तरी मोठ्या मनाने तपासलं. रकाना = नल (मशीनच्या भाषेत कोरा). उत्तर शून्य. म्हणजे एकानेही कोरा सोडलेला नाही. त्यावर म्हणते, नल नलच्याही बरोबर नसतो, शहाण्या. 'कोरा आहे का' असंच विचारावं लागतं. तत्त्वज्ञान. कॉफी घेतली.

७ डिसेंबर
विभागप्रमुखपदाचा फॉर्म आला. 'इच्छुक? हो / नाही.' गुड्रूनने लगेच 'हो' लिहिलं. हावरट. मी कोरा ठेवला. माझं काय विचारायचं?

१४ डिसेंबर, शुक्रवार
जेवण. राईच्या पावावर हेरिंग: अकरा ताटल्या. अक्रोड, दूध, अंडं न चालणाऱ्यांनी मिटक्या मारत खाल्ली. स्वागतकक्षातला होल्गर म्हणाला, प्रेबेन, मलाही अक्रोडाची अॅलर्जी लिही रे, मासा तरी मिळेल. सगळे हसले. आस्गर सोडून. उपाशीपोटी स्नॅप्स प्यायलेले लोक माझ्यावर गाणं रचून गायले. सात कडवी.
चूक त्यांचीच. रकाने कोरे ठेवतात आणि जेवायला येतात.

१७ डिसेंबर, सोमवार
गुड्रून विभागप्रमुख.
आस्गरला गाठलं. तो म्हणाला, यादीत तुझं नावच आलं नाही, प्रेबेन. क्वेरी तुझीच वापरली, साइटवरची: ज्यांचं उत्तर 'नाही' नाही, ते सगळे. एकटी गुड्रून आली. मला वाटलं, तूच नको म्हणालास. क्वेरीत काही चूक आहे का?
म्हणालो, छे.

१८ डिसेंबर
तक्रारीचा फॉर्म घेतला. नाव लिहिलं, विभाग लिहिला. पुढचा रकाना: 'चूक कशात झाली?'
कोरा ठेवला.