मुंगीची काच

१७ जानेवारी, मंगळवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि त्याला जोडलेली आपल्या मुंगीच्या प्रश्नांची पुरवणी, दोन्ही पोचलं. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण मी त्याला भाव देत नाही.

तू विचारलंस, ‘ताई, मुंगीच्या ऑपरेशनला आठ महिने झाले, तू घरी पाऊल टाकलं नाहीस. आमचं काही चुकलं का?’ सांगते. आधी तुझ्या लेकीचे प्रश्न संपवते, ते सोपे आहेत. सहा वर्षांच्या पोरीने एवढं खोदून विचारावं! आपल्या घरात हे कुणाकडून आलं, ते आरशात बघ.

‘आत्या, माझी काढलेली गाठ कुठे आहे?’ तिला सांग, ती आमच्या प्रयोगशाळेत आहे, डावीकडच्या कपाटात, बोटाच्या पेराएवढ्या मेणाच्या ठोकळ्यात. ‘ती जिवंत आहे का?’ नाही. ‘तिचा रंग कोणता?’ मुळात करडा. आत्या ठोकळ्याचे काप काढते. केसाच्या जाडीचे वीस भाग केले तर त्यातला एक, इतका पातळ काप. तो कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचा. तेव्हा शिंक आली तर सगळं मुसळ केरात. मग त्याला गुलाबी आणि निळा रंग द्यायचा. स्वतःच्या गाठीला आत्याने रंग दिला म्हटल्यावर बाईसाहेब खूश होतील.

चौथा प्रश्न मात्र मी आमच्या संशोधनवाल्या डॉक्टरीणबाईंना नेऊन दाखवला. ‘मला मोठ्या माणसांचं औषध कमी करून का देतात? लहान मुलांचं वेगळं नसतं का?’ बाईंनी तो कागद दोनदा वाचला. म्हणाल्या, “अनुदान देणाऱ्यांना तीन वर्षं मी हेच सांगतेय, पण इतक्या सरळ नाही जमलं.”

धाकट्या, मलाही इतकी वर्षं तिथे काम करून हे नीट माहीत नव्हतं. बापाचा सदरा आखूड करून पोराला घालावा, तसं मुलांच्या मेंदूच्या कर्करोगाचं बरंचसं औषध मोठ्यांवरून बेतलेलं असतं. लहानांची गाठ वेगळी वागते. पण अशी मुलं थोडी, म्हणून पैसा नाही. पैसा नाही म्हणून काम नाही. बाईंचं काम वर्षभर बंदच आहे. या वेळी अनुदानाच्या समितीने सांगितलंय, निदान चाळीस मुलांच्या गाठींचे नमुने गोळा करून दाखवा, मग विचार करू. मुदत महिनाअखेरची. बाईंकडे एकतीस आहेत.

मुंगीच्या ठोकळ्यात अजून निम्मी गाठ शिल्लक आहे. ती वापरायला आई-बापाची सही लागते. तो फॉर्म दोन आठवडे माझ्या पर्समध्ये पडून होता, कारण तुझ्याकडे सही मागायची तर पुढचं लिहिणं भाग होतं.

आमच्या खोलीत एक खेळ चालतो. ठोकळ्यावर नुसता नंबर असतो, नावाचं लेबल रंगवून झालेल्या काचेवर लागतं. नवी काच आली की लेबलावर अंगठा ठेवायचा, सूक्ष्मदर्शकातून बघायचं आणि काय आहे ते ओळखायचं. निदान डॉक्टर करतात, आमची आपली हौस. हरेल त्याने चहा पाजायचा. आठ महिन्यांपूर्वी एका गुरुवारी मी बघितलं, तर निळ्या ठिपक्यांनी छोटी छोटी रिंगणं धरलेली. पुस्तकातल्यासारखी. मी टाळी वाजवली, “ओळखलं! चहा माझा!” आणि अंगठा काढला. लेबलावर आपलं आडनाव होतं, आणि त्याच्याआधी मुंगीचं नाव.

मी टाळी वाजवली होती रे. तुझ्या पोरीच्या कर्करोगाला.

त्याच संध्याकाळी दवाखान्यात तू विचारलंस, “ताई, रिपोर्टचं काही कळलं?” मी म्हटलं, “चार दिवस लागतील.” अधिकृतपणे ते खरंच होतं. ते चार दिवस मी तुमच्यात बसून मुंगीला कागदाच्या होड्या करून दिल्या. तू म्हणत होतास, साधी गाठ असेल, आणि मी मान डोलवत होते. त्यानंतर मला तुझ्या घराची पायरी चढवेना.

फॉर्म सोबत जोडलाय; सही करायची की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा. मुंगीचा धरून बत्तीस होतील, चाळीस नाही. तिला स्वतःला याचा उपयोग होईल, असं बाई म्हणत नाहीत, आणि मीही म्हणणार नाही. सही केली नाहीस तरी तिला शनिवारी घेऊन ये. बाईंना विचारून ठेवलंय. स्टुलावर दोन उशा ठेवल्या की ती सूक्ष्मदर्शकापर्यंत पोचेल. बघू दे तिची काच तिला.

पाचवा प्रश्न तिने पानाच्या मागे लिहिलाय, बहुधा तू पाहिला नसशील. ‘आत्या, गाठ परत आली तर तू ओळखशील का?’

तिला सांग, हो. आणि या वेळी आत्या चार दिवस थांबणार नाही.

टाळीची शरम अजून हातात बाळगणारी,
तुझी ताई