आप्पांच्या हातातलं माझं घड्याळ

सोमवार, ४ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. छातीत अधूनमधून फडफडतं ना, त्याचं निदान झालं. ठोक्यांचा ताल चुकतो. काळजीचं काही नाही (हे माझं मत. त्या नुसतं बघू म्हणाल्या). व्यायाम करा, पण बेताने. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, एवढाच वेग. बेताच्या व्यायामाने हृदय ताळ्यावर राहतं, पण सारखं बसून असणाऱ्या माणसाने एकदम जीव तोडून पळायला घेतलं तर तेच बिथरतं म्हणे. हे सांगताना माझ्या पोटाकडे बघत होत्या.
जिन्याच्या स्पर्धेचं बोललो नाही. त्यांनी विचारलं नाही.

मंगळवार, ५ मार्च
स्पर्धा २९ तारखेला. ऑफिसचे दहा मजले, जिन्याने, पळत. गेल्या वर्षी मी चौथ्या मजल्यावर बुटाची नाडी बांधायला बसलो. बुटाला नाडी नव्हती हे पुढे सगळ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवलं. अकाउंट्सच्या पोरींनी खुर्ची आणून दिली, कुणीतरी फोटो काढला. तेव्हापासून मी, स्टोअर्सचा हेड, अख्ख्या ऑफिसात 'चौथा मजला'. चौथ्या मजल्याची सही झाली का, चौथा मजला आज रजेवर आहे का. तोंडावर म्हणतात! नवीन साहेब तर हसू दाबतसुद्धा नाही.
संकल्प: यंदा दहावा. न थांबता.

गुरुवार, ७ मार्च
लेकीने दुसऱ्या गावाहून घड्याळ पाठवलं. मनगटावर ठोके मोजतं आणि तिच्या मोबाइलवर दाखवतं. लाल दिसलं की फोन करणार म्हणाली. प्रेम आहे पोरीचं. पाळत म्हणायचं तर तसंही म्हणता येईल.

शनिवार, ९ मार्च
आमच्या बिल्डिंगचा जिना पळत चढलो. तिसऱ्या मजल्यावर फोन. बाबा, काय चाललंय? म्हटलं, डास मारतोय. ठोके १७२? म्हटलं, मोठा होता.
असं कसं जमायचं?

रविवार, १० मार्च
सुचलं! आप्पा (माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर) रोज संध्याकाळी बागेत फेऱ्या मारतात. हातात भरलेला कप असल्यासारखे चालतात. अखंड बोलतात. गाणं तर त्यांच्या गळ्यात कधी नव्हतंच. म्हणजे बाईंनी सांगितलेला वेग, तंतोतंत. घड्याळ आप्पांच्या हातात, त्याच वेळी मी जिन्यात. लेक खूश, बाई खूश, मी दहाव्या मजल्यावर.
आप्पांना सांगितलं, फेऱ्या मारताना एवढं घालत जा, माझं रेकॉर्ड आहे. कोण बघतं हे? विचारलं त्यांनी. म्हटलं, डॉक्टर आणि तुमची नात. अस्सं, म्हणजे तुझी परीक्षाच की, म्हणाले आणि वर बाही ओढून घेतली. शाळेत माझी चित्रकलेची वही तेच पूर्ण करून द्यायचे. पहिला नंबर यायचा.
हिला काही बोललो नाही. बायकांना टेक्नॉलॉजी समजावत बसायला वेळ लागतो.

बुधवार, १३ मार्च
लेकीचा फोन. बाबा, किती छान, एकदम एकसारखे ठोके! म्हटलं, मनावर घेतलं की होतं. ही भाजी निवडता निवडता माझ्याकडे बघत राहिली.
जिन्यात सहावा मजला गाठला. छातीत फडफड झाली. इंजिन तापत असणार.

शनिवार, १६ मार्च
लेक म्हणते वेग वाढलाय तुझा, शाब्बास. म्हटलं, मेहनत आहे बेटा. शाब्बासकी घेताना जरा कसंतरी वाटलं, पण घेतली.
ही म्हणाली, आप्पांचा सदरा हल्ली घामाने पिळून काढावा असा भिजतो, जेवणही कमी झालंय. म्हटलं, उन्हाळा.

मंगळवार, १९ मार्च
घड्याळाने लेकीला कळवलं: ठोके अनियमित. ती घाबरली. आजच्या आज डॉक्टरांकडे जा म्हणते. आता तिला कसं सांगू, की ते ठोके माझे नव्हेतच? आणि आप्पा तर मुंगीला वाट देत चालतात, त्यांचे कशाला बिघडतील? घड्याळच फालतू. पट्टा सैल होता असं सांगितलं. लपवत तर नाहीस ना बाबा? म्हणाली. नाही म्हटलं. लाज वाटली. पण फक्त दहाच दिवस उरलेत.
आप्पांच्या मनगटावर पट्टा एक भोक घट्ट केला.

शुक्रवार, २२ मार्च
दहावा मजला!!! न थांबता. (दोनदा नोटीसबोर्ड वाचला. ते थांबणं नव्हे.)
घड्याळाचा पुन्हा इशारा. पट्टाच, दुसरं काय. लेक रजा टाकून सोमवारी येतेय. सोमवारपर्यंत काहीतरी सुचेल.

रविवार, २४ मार्च
आज जिना नको, स्पर्धेआधी विश्रांती, म्हणून सोफ्यावर चिवडा खात होतो. फोन वाजला. लेक ओरडत होती, बाबा, आहेस तिथे थांब, खाली बस! म्हटलं, अगं बसलोच आहे. मग १६० का दाखवतंय?
हातातली वाटी पडली. पळालो. चपला न घालता, दोन गल्ल्या, बागेपर्यंत. आप्पा बाकावर, राखेसारखे पांढरे, हात छातीवर. एक बाई त्यांना वारा घालत होत्या. त्या मला म्हणाल्या, आजोबांना रोज सांगतो हो आम्ही, या वयात पळू नका. ऐकतच नाहीत.
पळू नका?

मंगळवार, २६ मार्च
आप्पा ठीक आहेत. गोळ्या लागतील आणि यापुढे सावकाश चालायचं. डॉक्टरीणबाई त्याच. त्यांनी आप्पांना विचारलं, या वयात एवढं पळायला कुणी सांगितलं? आप्पा म्हणाले, कुणी नाही हो. मुलाची परीक्षा होती. माझ्या चालीने याला कसले मार्क पडणार? म्हटलं, जरा दम लावू. रोज थोडं थोडं वाढवलं.
बाई माझ्याकडे बघत होत्या. लेक माझ्याकडे बघत होती. मी सगळं सांगितलं, जिना, डास, पट्टा, सगळं. तेव्हा हिने मान फिरवली ती अजून फिरवलेलीच आहे. ओरडली असती तर बरं झालं असतं.
माझी लाज मलाच सोसवत नाही. दोन इशारे आले होते. दोन्ही वेळा मी पट्ट्याला बोल लावला.

शुक्रवार, २९ मार्च
स्पर्धेला गेलो नाही. ऑफिसच्या ग्रुपवर खुर्चीचा फोटो फिरतोय, यंदा चौथा मजला तळमजल्यावरच राहिला म्हणून. खरं आहे.
आप्पांना काल घरी आणलं. आज त्यांना वरांड्यात हळूहळू फिरवलं, माझा हात धरून. घड्याळ माझ्या मनगटावर. आप्पा बोलत होते. बागेतले लोक, हॉस्पिटलचा मऊ भात, काय काय. मग थांबले आणि हळूच विचारलं, पास झालास का रे?
चालताना बोलता आलं पाहिजे, असं बाईंनी सांगितलंय. वेग तर काहीच नव्हता. तरी मला बोलता आलं नाही.