सूर कुणी सोडला

तोआ पायोह, सिंगापूर
रविवार, १२ नोव्हेंबर २००६

रवीदादा,

"पेटीला घेरी येत नाही" हे फोनवर बोलायची काय गरज होती? माझ्या जागी विजेवरची सूरपेटी आणलीस, आण बाबा. तुळशीची लग्नं झाली, आता सुपाऱ्या सुरू होतील, सनईला सूर पाहिजेच. पण वर टोमणा कशाला? बारा वर्षं तुझ्या डाव्या हाताला बसून मी एकच सूर फुंकला. तू वाजवायचास, लोक तुला मानाचा नारळ द्यायचे आणि मला विचारायचे, "तू कधी शिकणार रे?" तेव्हा एकदा तरी सांगितलंस का, की हा शिकलेलाच आहे, ह्याचं कामच हे आहे?

असो. नमस्कार. अरुणावहिनीला वाचून दाखवशील तेव्हा नमस्कार आधी वाच, नाहीतर म्हणेल, सहावी नापास तो नापासच. मी बरा आहे. संजीवसाहेबांकडे काम तेच, स्पीकर चढवायचे, वायरी पसरायच्या, वायरी गुंडाळायच्या. साहेब पुण्याचे असले तरी मराठीतून फक्त शिव्या देतात.

मी हे भांडायला लिहीत नाही. काल एक गोष्ट झाली, तिनं मी अजून जाग्यावर नाही. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

काल इथल्या हॉलमध्ये बॅगपाइपचा कार्यक्रम होता. लष्कराच्या बँडात असतो बघ, काखेत पिशवी धरून वाजवतात तो बाजा. पिशवीत तोंडानं हवा भरायची आणि कोपरानं दाबायची. आपण गालात हवा साठवतो आणि नाकानं दम घेतो, तसंच. खालच्या नळीला भोकं, त्यातून गाणं. ती नळी म्हणजे तू. खांद्यावर आणखी तीन नळ्या, त्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सूर धरतात. त्या म्हणजे मी. तीन नळ्या लागतात दादा, माझ्या एकट्याच्या जागी.

स्टेजच्या कडेला माझ्याशेजारी हरचरण सिंग म्हणून म्हातारे सरदारजी बसले होते. जुने बँडवाले, अर्ध्या गावाचे उस्ताद. वाजवणार होती त्यांची चेली, मिस क्वेक, चाळिशीची चिनी बाई. मला म्हणाले, "बेटा, देखना, ये आज मेरी नाक कटवाएगी." का, तर ती भोकावरून बोट उचलत नाही, सरकवते. सूर घसरतो, आपल्या मींडेसारखा. त्या बाजात हे पाप. बोट टणकन उठलं पाहिजे, टणकन पडलं पाहिजे. पण आता इथल्या सेंगकांग, सेरंगून भागातली सगळी पोरं तिच्यासारखी घसरायला लागलीत. "सिखाता मैं हूँ, बिगाड़ती वो है."

मला तर गोड वाटत होतं. तुझीच आठवण येत होती, खोटं कशाला सांगू.

आणि मधेच, गाणं रंगात असताना, तिनं कोपराचा एक झटका दिला आणि तिन्ही नळ्या गप्प. नुसतं गाणं उरलं. उघडं.

वाटलं वायर सुटली. चाचपली, वायर जागेवर. सरदारजी उठून उभे, "सुर मर गया!" मी माइकशी उकिडवा बसलेलो. काय झालं मला सांगता येत नाही. मी तोंड उघडलं आणि सा धरला. नुसता आ. दम संपला, पुन्हा घेतला, पुन्हा धरला. माइक चालू. सगळ्या हॉलभर मी. लोक हसले. मागून संजीवसाहेब ओरडले, "हणम्या, तोंड मिट, गाढवा!" मला मिटता येईना. बाईनं एकदा बघितलं, पण थांबली नाही. शेवटाला तिनं कोपर सैल सोडलं, नळ्या बोलायला लागल्या, तेव्हा कुठं मी सुटलो आणि स्पीकरमागे जाऊन बसलो.

नोकरी गेली असंच धरून होतो. बाई शोधत आली. सरदारजींनी तिचं बोलणं हिंदीत करून सांगितलं. ती विचारत होती, तुला कुणी सांगितलं मधे यायला? मी म्हणालो, कुणी नाही, सूर पडला होता. ती हसली, "पडला नाही, मी बंद केला!" म्हणाली, घरातला पंखा चालू असतो तोवर कुणी ऐकत नाही. बंद पडला की सगळे वर बघतात. म्हणून बंद करते. आज सगळ्यांनी वर बघितलं, तू एकटा धावलास.

सरदारजी तिच्यावर चिडलेलेच होते. पण जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मैं भी दौड़ता, घुटने साथ देते तो."

दादा, मग मी का नाही धावलो? सुबोध वकिलांच्या मुलीच्या लग्नात?

तीन वर्षं हे लिहिलं नाही. मला घेरी आली नव्हती. सकाळी फोटोवाला आला तेव्हा तू त्याला म्हणालास, "ह्याला सोडा, सनई नीट येऊ दे." ते डोक्यात बसलं. अंतरपाट दूर झाला आणि मी मुद्दाम माझी सुराची सनई खाली ठेवली. तू उघडा पडावास, लोकांना कळावं, म्हणून. तू चाचपडलास. सनईची पत्ती चिरकली. कुणीतरी हसलं. ते बघून मी घाबरलो आणि डोळे मिटून आडवा झालो. तू सनई टाकून मला उचललंस. मांडवाबाहेर सावलीत नेलंस, उपरण्यानं वारा घातलास. मी डोळे मिटून तो वारा घेतला. पुढं वकिलांच्या गोतावळ्यातली सगळी लग्नं तुझ्या हातची गेली आणि तू मला डॉक्टरकडे नेत राहिलास. म्हणून इथं पळालो.

काल ती नळी उघडी पडली तेव्हा मला तू दिसलास. मी काय केलं होतं ते काल पहिल्यांदा कानानं ऐकलं.

वहिनीला हे वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. मला शिव्या दे, पत्रानं दे, फोनवर मला ऐकवणार नाहीत. फेब्रुवारीत परमिट संपतं, ते मी वाढवत नाही. बस म्हणालास तर शेजारी बसेन. नाही म्हणालास तर चौघडा उचलेन, वायरी गुंडाळेन, मला येतं.

अजून भाऊ म्हणत असशील तर तुझा,
हणमंत

ता. क. दर महिन्याचे पाच हजार ह्या खेपेला नाहीत. परतीच्या तिकिटाचे बाजूला काढलेत. वहिनीची ओढाताण होईल, माझ्या वतीनं माफी माग. पाठवतोय ते रुपये अठराशे.