बाईंच्या कार्डाचा कोपरा

आप्पा,

गेल्या सोमवारी तुमच्या नावाचं पाकीट आलं. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली. पोस्टमन नवीन आहे, त्यानं मलाच विचारलं, हे कोण? मी म्हटलं, आमचे वडील, द्या इकडं. आत पोलंडच्या त्या तुमच्या बाईंचं पत्र होतं. म्हणजे बाई जिवंत आहेत! उद्यमबागच्या ऑफिसला जायची माझी बस चुकली. खुळ्यागत उंबऱ्यातच बसून राहिले.

आठवडाभर तुम्ही वडगावातल्या मागावर साड्या विणायचा आणि सुट्टीच्या सकाळी चटईवर पसारा मांडायचा. साडीच्या पेटीवरची लेबलं, लग्नपत्रिकांवरचे गणपती, बसची तिकिटं, मराठी पेपरचा तुकडा आणि त्याला खेटून कन्नड पेपरचा. सुताला लावायची खळ वाटीत घेऊन पोस्टकार्डावर एकेक चिकटवत बसायचा. वाचनालयातल्या कुठल्याशा मासिकात तुम्हाला त्या लोकांचे पत्ते मिळाले होते. जगभर एकमेकांना हातानं केलेली चित्रं टपालानं धाडणारे लोक. विकायचं नाही, नावं ठेवायची नाहीत, आलेल्याला उलट काहीतरी धाडायचं, एवढाच त्यांचा नियम. पोलंडच्या बाई त्यांतल्याच. तुमचं इंग्रजी पत्त्यापुरतं. शेजारचे अण्णा आपल्या सीमाभागातल्या सवयीनं चेष्टेत विचारायचे, बाई मराठीकडची का कन्नडकडची? तुम्ही नुसतं हसायचा. मला मात्र त्या बाईंचा लई राग यायचा. एकदा मी खळीच्या वाटीत बोट बुडवलं तर तुम्ही हातावर फटका दिलात, "हे खेळायचं न्हाय." मग काय होतं ते? मला अजून कळलेलं नाही.

मी सातवीत असताना बाईंचं एक कार्ड आलं. तुम्ही मागावर, आई मागासाठी सुताच्या कांड्या भरायला गेलेली, घरात मी एकटी. कार्डाचा एक कोपरा फाडलेला. आपल्यात कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याचं. ते दाराबाहेरच वाचायचं आणि घरात न आणता फाडून टाकायचं. मी फाडलं आणि गटारीत टाकलं. संध्याकाळी आईला सांगितलं. आपल्यातलं कोण गेलं, म्हणून ती घाबरली. मी म्हटलं, इंग्रजीत होतं. "मग बरं केलंस. पाय धू जा. आणि आप्पास्नी सांगू नको, जिवाला लावून घेतील." मी नाही सांगितलं.

त्यानंतर तुम्ही महिनोन् महिने पोस्टमनच्या वेळेला दारात उभे राहायचा. तो लांबूनच हात हलवायचा. आई म्हणायची, तुम्हीच एक धाडा की. तर म्हणायचा, पाळी त्यांची हाय, मागं लागल्यागत दिसतंय. आणि मग एका दुपारी मागावरनं आलात ते थेट न्हाणीत जाऊन डोक्यावरनं पाणी घेतलंत. मी विचारलं, कोण गेलं?

"वळखीची होती एक," म्हणालात.

चटई त्यानंतर पसरली नाही. हेच मला उलगडत नाही, आप्पा. आईनं सांगितलं होतं का तुम्हाला? सांगितलं असेल, तर कार्ड मी फाडलं हेही कळलं असणार. मग बोलला का नाहीत? एवढ्याशा खळीपायी फटका देणारा माणूस! उलट त्याच आठवड्यात माझ्या वह्यांना कव्हरं घालून दिलीत, वर तुमची राखून ठेवलेली लेबलं चिकटवून. मी वर्गभर मिरवलं. ती माफी होती, का आता ती लेबलं ठेवून करायचं काय, असं वाटलं तुम्हाला? का काहीच माहीत नव्हतं, आणि वाट बघून बघून तुम्हीच बाईंना मारून टाकलंत? आईही गेली. विचारू कुणाला?

बाई आता ऐंशीच्या पुढं आहेत. लिहितात, मी एका कार्डाचा कोपरा मुद्दाम फाडला होता, तिथं तुम्ही तुमच्याकडचं काहीतरी चिकटवून परत पाठवायचं होतं. तुमचं काहीच आलं नाही. इतकी वर्षं विचार करतेय, माझं काय चुकलं?

चार वेळा उत्तर लिहायला बसले. आमच्यात अशी अशी रीत, मी लहान होते, चूक झाली. तीन ओळींत सगळं नीट बसतं. बाई मोठ्या मनाच्या, समजूनही घेतील. पण तेवढं लिहिलं की पेन पुढं सरकत नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसलेय. आणि तुमचं कुठल्या पेटीत टाकू?

त्या दिवशी कार्ड हातात आल्यावर मी आधी ते घरात आणून तांब्यातल्या पाण्यात बुडवून त्यावरचं परदेशी तिकीट अलगद सोडवून घेतलं होतं, आप्पा. मग फाडलं.